आधी लिलाव, मग आग : नागपूरच्या भोसल्यांचा राजवाडा

शंभर रुपये किमतीची बैलजोडी पाच रुपयांना विकली गेली, अशी लेखी तक्रार नागपूरच्या भोसले राण्यांनी थेट गव्हर्नर जनरलकडे केली होती. राज्य इंग्रजांनी खालसा केले होते आणि सप्टेंबर महिन्यात राजवाड्यातल्या जनावरांचा सीताबर्डीला जाहीर लिलाव पुकारला गेला होता. हत्ती, उंट, घोडे आणि बैल अशी पाचशे-सहाशे जनावरे विकली गेली. सगळ्यांचे मिळून आले तेराशे पौंड, म्हणजे तेव्हाच्या दराने तेरा हजार रुपये. सरासरी काढली तर एका जनावरामागे पंचवीस रुपयांच्या आसपास पडतात, आणि त्यात हत्तीही आले. सर जॉन विल्यम के या इंग्रज इतिहासकाराने १८५७च्या उठावावरच्या आपल्या ग्रंथात हा हिशोब तळटीपेत नोंदवून ठेवला आहे. तो काही भोसल्यांचा पक्षपाती नव्हता. तरीही नागपूरच्या राजवाड्याची जी दशा केली गेली, तिच्याबद्दल लिहिताना त्याचाही सूर बदलतो.

पुढे १८६४ साली हा राजवाडा जळाला. भोसल्यांचा राजवाडा आगीत गेला, एवढे एक वाक्य सांगून इतिहासाची पुस्तके पुढे सरकतात. ते खोटे नाही. पण माझे मत असे आहे की तो राजवाडा आगीच्या दहा वर्षे आधी लिलावात मोडला गेला होता. आगीच्या वाट्याला त्याचा सांगाडा आला. ही वास्तू कशी उभी राहिली असेल, कशाने बांधली होती, तिच्यात काय काय घडले आणि ती गेली तेव्हा नेमके काय गेले, हे नीट समजून घेतल्याशिवाय नागपूरचे जुने शहर समजत नाही. आजही त्या वस्तीला आपण महाल म्हणतो ते याच घरामुळे.

महालात फिरताना राजवाड्याच्या खुणा नावांमधून भेटत राहतात. तुळशीबाग आणि केळीबाग या आता वस्त्या आणि रस्ते आहेत. एकेकाळी त्या खरोखरच्या बागा होत्या. महाराजबाग, शहराबाहेरचे सक्करदरा, सोनेगाव, तेलंगखेडी ही भोसल्यांच्या बागांची आणि तलावांची ठिकाणे. राजवाडा मध्ये, त्याला लागून सरदार-मानकऱ्यांचे वाडे, त्यांच्या आडोशाला कारागीर आणि पेठा, आणि बाहेर अंतराअंतरावर बागा व तलाव, अशी या शहराची मांडणी होती. घर आधी आणि शहर त्याच्या भोवती, असाच तो क्रम.

शहर मात्र भोसल्यांनी वसवलेले नाही, हे इथे स्पष्ट सांगायला हवे, कारण नागपूरच्या गौरवाच्या लिखाणात ते बरेचदा मागे पडते. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने अठराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला नाग नदीकाठची बारा खेडी एकत्र करून इथे नगर वसवले. त्याच्यानंतर आलेल्या चांद सुलतानाने राजधानीच देवगडहून इथे आणली, शहराला तट घातला आणि जुम्मा तलाव बांधला. त्या तटाचा जुम्मा दरवाजा आज गांधी गेट म्हणून उभा आहे आणि तलावाला गांधीसागर म्हणतात. चांद सुलतानाच्या मृत्यूनंतर वारसाचा तंटा लागला, तेव्हा त्याच्या विधवा राणीने, रतनकुंवरने, मदतीसाठी वऱ्हाडातून रघुजी भोसल्यांना बोलावले. मदतीला आलेला पाहुणा घराचा धनी झाला. १७३९ ते १७४३ या काळात नागपूरची सत्ता रघुजींच्या हाती गेली. गोंड राजाला त्यांनी हाकलले नाही. नेमणूक बांधून, मान राखून नागपुरातच ठेवले. महालातला गोंड किल्ला ही त्या घराण्याची जागा. एकाच वस्तीत पूर्वीचा राजा आणि आताचा राजा जवळजवळ राहत होते, हे दृश्य त्या काळातही विरळच म्हणावे लागेल.

रघुजी हे साताऱ्याकडच्या हिंगणीकर भोसल्यांपैकी. 'सेनासाहेबसुभा' हा छत्रपतींनी दिलेला किताब. नागपूरला येण्याआधी या घराण्याचे ठाणे यवतमाळ भागातल्या भांबला होते. तिथून नागपूरला येणे म्हणजे पूर्वेकडच्या वाटेवर येऊन बसणे. पुढच्या दहा वर्षांत रघुजींच्या फौजा छत्तीसगड, ओडिशा आणि बंगालपर्यंत गेल्या. १७५१च्या तहात अलीवर्दीखानाने बंगालच्या चौथाईपोटी वर्षाला बारा लाख रुपये कबूल केले आणि ओडिशाचा ताबा भोसल्यांकडे आला. राजवाड्याचा दगड आणि सागवान पाहताना हा पैसा कुठून आला तेही लक्षात ठेवावे. बंगाली घरांत 'बर्गी' आले की पोरे भीतीने झोपत, ते बर्गी याच राज्याचे स्वार होते.

शहरही सुखाने वाढले असे नाही. रघुजींचे पुत्र जानोजी कधी पेशव्यांच्या बाजूने, कधी निजामाच्या बाजूने असे झुकत राहिले, आणि अखेर त्या दोघांनीच एकत्र येऊन १७६५ साली नागपूर लुटले आणि जाळले. गवताची आणि कवेलूची घरे असलेल्या शहराला आग नवी नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नागपूरबद्दल लिहिणाऱ्या इंग्रजांनी शहराच्या अरुंद गल्ल्यांबद्दल आणि साध्या मातीच्या घरांबद्दल नाके मुरडली आहेत; राजवाडा तेवढा लक्षात घेण्यासारखा, असा त्यांचा शेरा. राजवाड्याच्या भिंतीला अगदी खेटून मातीच्या झोपड्या होत्या याचे त्यांना वैषम्य वाटे. मला त्यात राजवाड्याची खरी जागा दिसते. कोटाच्या आत एकटा, गावापासून तुटलेला असा तो नव्हता; माणसांच्या गर्दीत, बाजारात उभा होता.

या राजवाड्याचे जे थोडके वर्णन ब्रिटिश काळातल्या गॅझेटियरांनी आणि विश्वकोशांनी नोंदवले आहे त्यात दोन गोष्टी ठळक आहेत : सुंदर काळा बेसाल्ट आणि त्यावर भरपूर लाकडी कोरीवकाम. या दोन गोष्टींत संपूर्ण बांधकामाची पद्धत सामावलेली आहे.

काळा पाषाण इथलाच. दख्खनच्या पठाराचा लाव्हाचा थर पूर्वेकडे पसरत येतो आणि नागपूरपाशी संपत येतो; सीताबर्डीची टेकडी त्याच थराची. तिच्या पूर्वेला काही अंतरावर खडकाची जात बदलते. म्हणजे राजवाडा उभा राहिला तो काळ्या दगडाच्या प्रदेशाच्या अगदी काठावर. सागवानाची तर चणचणच नव्हती. चांदा, शिवनी, छिंदवाडा ही सागाची जंगले भोसल्यांच्या मुलखातच होती. दगड एका बाजूने आणि लाकूड दुसऱ्या बाजूने, अशी दोन्ही दाराशी येणारी ठिकाणे महाराष्ट्रात फार थोडी असतील.

मराठेशाहीतल्या मोठ्या वाड्याची उभारणी एकदा जवळून पाहिली की राजवाड्याचेही गणित कळते. खाली दगडी जोते. विदर्भाची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडून आकसते, त्यामुळे पाया कठीण मुरमापर्यंत नेल्याशिवाय वाडा टिकत नाही. जोत्यावर दगडी तळखडे बसवायचे आणि प्रत्येक तळखड्यावर एक सागवानी खांब उभा करायचा. खांब जमिनीत पुरत नाहीत. तो दगडावर नुसता टेकलेला असतो. त्यामुळे ओल चढत नाही आणि वाळवीला लाकडापर्यंत पोचायला दगड ओलांडून उघड्यावर यावे लागते. खांबाच्या माथ्यावर दोन्हीकडे हस्त निघतात, हस्तांवर तुळई टेकते, तुळयांवर कड्या, कड्यांवर पाटाची तक्तपोशी आणि त्यावर मातीचा आणि चुन्याचा थर. हस्त हे नुसती शोभा नव्हे. तुळईचा मधला मोकळा पल्ला ते दोन्ही बाजूंनी कमी करतात, म्हणून तेवढ्याच जाडीची तुळई जास्त भार पेलते. कारागिराने त्यावर केळफूल कोरले, पोपट कोरले, कमळ कोरले, तरी त्याखालचे काम भार वाहण्याचेच राहते. खांब सुरूच्या झाडासारखा वर निमुळता होत जातो, आणि दोन खांबांमध्ये पातळ फळ्यांची महिरप बसवतात. त्या महिरपीवर मात्र काहीच भार नसतो. ती दगडी कमानीची लाकडातली आठवण आहे. मराठी वाड्याच्या दिवाणखान्यात मान वर करून पाहिले की काम करणारे लाकूड आणि सजणारे लाकूड असे शेजारी शेजारी दिसते, आणि हा फरक एकदा ध्यानात आला की कुठलाही वाडा पाहण्याची गोडी वाढते.

सगळा भार या लाकडी सांगाड्यावर. मधल्या भिंती विटांच्या किंवा मातीच्या, फक्त आडोशाच्या. वाड्याचा आकार खणांत मोजतात. दोन खांबांमधली मोकळी जागा म्हणजे एक खण. खण वाढवत गेले की सोपा होतो, चार सोपे जोडले की चौक, आणि चौकामागे चौक जोडत गेले की राजवाडा. पहिला चौक दरबारी कामाचा, कारकुनांचा, फडाचा. आत गेलात की देवघर, मुदपाकखाना, जनानखाना. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा ही मांडणी जीव वाचवते. जाड भिंती दिवसभराचे ऊन आत येऊ देत नाहीत, चौकातली गरम हवा वर निघून जाते, ओसरीची सावली चारही बाजूंनी राहते. वाळ्याच्या ताट्या दारांना लावून त्यांवर पाणी मारायचे, दुपार तळमजल्यावर काढायची आणि रात्री गच्चीवर यायचे, हा इथल्या वाड्यांचा क्रम होता. नागपूरकर आज कूलरला वाळ्याच्या जाळ्या लावतात तेव्हा तेच तंत्र वापरतात.

समोर नगारखाना. खाली भव्य कमानीचा दरवाजा, वर वादकांची माडी. नगारा, सनई आणि चौघडा ठरलेल्या प्रहरी झडायचा. घड्याळ नसलेल्या शहराला नगारखाना वेळ सांगत असे. राजाचे येणे-जाणे, सण, पुत्रजन्म, विजय हे सारे लोकांना त्या माडीवरून कळत असे. राजवाड्याचा हा एकच भाग असा होता की जो आत न जाऊ शकणाऱ्यांसाठीही बांधलेला होता.

या घराने आनंदही पाहिला असणार, पण कागदोपत्री उरलेल्या घटना बहुतेक दुःखाच्याच आहेत. मार्च १८१६ मध्ये राजे दुसरे रघुजी गेले. त्यांचे पुत्र परसोजी शरीराने आणि बुद्धीने दुबळे होते. कारभार चुलतभाऊ आप्पासाहेबांकडे गेला. १ फेब्रुवारी १८१७च्या सकाळी परसोजी बिछान्यात मृत सापडले. आप्पासाहेब त्या वेळी चांद्याला गेले होते, पण खुनाचा संशय त्यांच्यावरच आला. त्याच वर्षी २६ आणि २७ नोव्हेंबरला सीताबर्डीच्या टेकडीवर इंग्रजांशी लढाई झाली आणि १६ डिसेंबरला नागपूरच्या वेशीवर दुसरी. राजा झालेले आप्पासाहेब इंग्रजांच्या स्वाधीन झाले, पण त्यांच्या पदरचे अरब शिपाई झाले नाहीत. त्यांनी शहर आणि राजवाडा धरून ठेवला. २४ डिसेंबरला इंग्रजांनी जुम्मा दरवाजावर हल्ला केला तो फसला. शेवटी पैसे आणि सुरक्षित वाट कबूल करून ३० डिसेंबरला त्यांना बाहेर काढावे लागले. राजा हरल्यावरही राजवाडा पंधरा दिवस लढत राहिला.

१८१८ साली आप्पासाहेबांना पकडून नेले आणि दुसऱ्या रघुजींचा नातू, मुलीचा मुलगा, दत्तक घेऊन तिसरे रघुजी म्हणून गादीवर बसवला. तो लहान होता. रेसिडेंट रिचर्ड जेनकिन्स राज्य चालवत होता आणि राजवाड्यात वडीलकी होती बांकाबाईंची, म्हणजे दुसऱ्या रघुजींच्या राणीची. पुढची चाळीस वर्षे या घरातली खरी वडील व्यक्ती त्याच होत्या. त्यांनी नवरा गेलेला पाहिला, परसोजी गेलेले पाहिले, आप्पासाहेबांचा पाडाव पाहिला, नातवाला मोठे केले आणि ११ डिसेंबर १८५३ रोजी तोही निपुत्रिक गेलेला पाहिला.

लॉर्ड डलहौसीने दत्तक नामंजूर केला आणि १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले. झाशी आणि सातारा जसे गेले तसेच हे. पण नागपूरला त्यापुढेही काही झाले. राज्याबरोबर राजघराण्याची जंगम मालमत्ताही सरकारने ताब्यात घेतली. जनावरे सीताबर्डीला विकली गेली. राजवाड्यातले सामान बाहेर काढायचे ठरले, तेव्हा बांकाबाईंनी निरोप दिला की सामानाला हात लावाल तर राजवाड्याला मी आग लावीन. केने हे नोंदवून ठेवले आहे. वय झालेली, आयुष्यभर इंग्रजांशी जुळवून घेतलेली बाई हे बोलते, तेव्हा तिच्या मनाची काय अवस्था असेल याची कल्पना करावी. आग लागली नाही. सामान बाहेर निघाले. भोसल्यांची जडजवाहिरे, थोडी घरच्यांना ठेवून, कलकत्त्याला गेली आणि हॅमिल्टन कंपनीमार्फत लिलावात विकली गेली. त्या पैशातून 'भोसला फंड' नावाचा निधी करून घराण्याच्या खर्चाची सोय लावली, असे सरकारचे म्हणणे.

राजवाडा म्हणजे त्यातली बैठक, हंड्या-झुंबरे, शस्त्रागार, देवघरातली भांडी, हत्तीखाना आणि पागा. कुणी कुठे बसायचे, कोणती तलवार कोणत्या सणाला बाहेर काढायची, कोणत्या हत्तीवर कोण, या सगळ्यांनी ते घर चालते. ते सारे बाहेर गेल्यावर मागे राहतात खण आणि चौक. म्हणून मी लिलावाला आगीपेक्षा मोठी हानी मानतो. आग कुणाच्या हुकुमाने लागली नव्हती. लिलाव हुकुमाने झाला.

बांकाबाईंची आठवण नागपूरने कशी ठेवली हेही इथे सांगितले पाहिजे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी शहरात मारबतीची मिरवणूक निघते. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते असे सांगतात. रोगराई आणि सगळी पीडा शहराबाहेर नेऊन जाळायची, हा तिचा अर्थ. काळी मारबत म्हणजे इंग्रजांना मिळालेली बांकाबाई, अशी समजूत नागपुरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. १८५७ मध्ये त्यांनी भोसले घराण्याला उठावापासून दूर ठेवले हे खरे, आणि लोकांचा राग त्यातूनच आला असावा. १८५८ मध्ये त्या गेल्या. परंतु जिच्या घरातले सगळे सामान इंग्रजांनी उचलून नेले, जिने घर जाळण्याची धमकी दिली, तीच बाई दरवर्षी इंग्रजांची हस्तक म्हणून जाळली जाते, हा न्याय मला पटत नाही. मारबत शहराची आहे, ती राहावी. तिच्यामागची ही दुसरी बाजूही नागपूरच्या मुलांना सांगितली जावी, एवढेच मला म्हणायचे आहे.

आता आगीकडे. १८६४ मध्ये राजवाडा जळाला आणि मोठी कमान, म्हणजे नगारखाना, तेवढा उरला. असे का झाले याचे उत्तर बांधकामातच आहे.

जाड सागवान लगेच पेटत नाही. बाहेरचा थर जळून कोळसा होतो आणि तो कोळसाच आतल्या लाकडाला काही काळ झाकतो. जाड लाकूड मिनिटाला साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर या गतीने आत जळत जाते. त्यामुळे खांब तासभर उभा राहू शकतो. पण तक्तपोशीचे पाट पातळ असतात, महिरपीच्या फळ्या त्याहून पातळ, आणि पिढ्यान्‌पिढ्या दिवे-समयांचे तेल आणि काजळी त्यांत मुरलेली असते. आग आधी छताने धावते. उन्हाळ्यात गरम हवा वर ओढून घेणारा चौकच आता आगीला वारा पुरवतो. छताचे पाट गेले की त्यावरचा मातीचा थर कोसळतो, कड्या तुटतात, तुळया निखळतात. आणि एकदा तुळया गेल्या की आडोशाच्या भिंतींना धरून ठेवणारे काही उरत नाही; त्या बाहेरच्या बाजूला पडतात. कोरीवकाम जितके जास्त, तितके आगीला धरायला पृष्ठभाग जास्त. ज्या लाकडाने राजवाड्याला कीर्ती दिली तेच आधी गेले.

दगडी कमानीत मात्र जळण्यासारखे काही नसते. तिचे दगड एकमेकांना दाबून उभे असतात. दाब जितका, तितकी कमान घट्ट. वरची लाकडी माडी गेली तरी कमान तशीच राहते.

हे एकट्या नागपूरचे नाही. पुण्याचा शनिवारवाडा १७३२ साली बांधून झाला आणि २७ फेब्रुवारी १८२८ रोजी पेटला. आग आठवडाभर धुमसत होती. उरले काय, तर दगडी तट, जोती आणि नगारखान्यासह दिल्ली दरवाजा. इंदूरच्या होळकरांचा राजवाडा सात मजल्यांचा; खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. १८०१ मध्ये, १९०८ मध्ये आणि पुन्हा १९८४ मध्ये आगींनी त्याचे लाकूड खाल्ले. दगड राहिला, आणि इंदूरकरांनी तो पुन्हा उभा केला. मराठ्यांच्या तीन मोठ्या घराण्यांची तीन घरे एकाच रीतीने बांधली होती आणि एकाच रीतीने गेली. फरक एवढाच की पुण्याच्या वाड्याची जोती राखली गेली, म्हणून आज तिथे उभे राहून कुठला चौक कुठे होता हे दाखवता येते. नागपूरच्या राजवाड्याच्या नशिबी ते आले नाही.

दरम्यान शहराचे केंद्रच सरकले होते. १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला, राजधानी नागपूर ठरली, आणि साहेबांचे बंगले सीताबर्डीच्या पश्चिमेला सिव्हिल लाइन्समध्ये उभे राहिले. चौक मध्ये आणि घर भोवती, याऐवजी घर मध्ये आणि बाग भोवती. भोसल्यांच्या दरबारातले चिटणवीस घराणे या बदलाचे बोलके उदाहरण आहे. त्यांचा जुना वाडा महालात. राजवाड्याजवळ राहणे चिटणिसाच्या कामाचाच भाग होता. पुढे त्याच घराण्याचा बंगला सिव्हिल लाइन्समध्ये झाला, जिथे आज चिटणवीस सेंटर आहे. सर गंगाधरराव चिटणवीस १९२१ मध्ये मध्य प्रांताच्या विधान परिषदेचे पहिले अध्यक्ष झाले. सत्ता महालातून सिव्हिल लाइन्सला गेली ती अशी, एकेका कुटुंबाच्या बिऱ्हाडासह.

भोसले घराणे मात्र महालातच राहिले. तिसऱ्या रघुजींच्या राणीने दत्तक घेतलेल्या जानोजींना सरकारने पुढे मान्यता दिली, साताऱ्याकडचे देऊर दिले आणि 'राजाबहादूर' हा किताब दिला. आज ज्याला सीनियर भोसला पॅलेस म्हणतात तो त्यांचा वाडा कल्याणेश्वराच्या मंदिराजवळ आहे. धाकटी पाती सक्करदऱ्याला. महालातल्या या वाड्यात पितृपक्षात हडपक्या गणपती बसतो. चिमणाबापू म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खंडोजी भोसल्यांनी १७८७ मध्ये, बंगालच्या मोहिमेहून विजयी होऊन परतल्यावर, तो सुरू केला अशी परंपरा आहे. घरचा गणपती विसर्जित झालेला होता, म्हणून नंतर पुन्हा बसवला आणि त्यापुढे लावण्या, नकला, खडी गंमत झाली. त्याला मस्कऱ्या गणपतीही म्हणतात. लिलावात जी गोष्ट बाहेर काढता आली नाही आणि आगीत जळाली नाही ती ही.

गेलेल्यांपैकी एखादी वस्तू परतही येते. २०२५ मध्ये लंडनच्या सदबीज या लिलावगृहात रघुजी भोसल्यांची तलवार विक्रीला निघाली. युरोपीय पात्याची फिरंग, पात्यावर देवनागरीत त्यांचे नाव आणि सेनासाहेबसुभा हा किताब. महाराष्ट्र शासनाने ती सुमारे ४७ लाख रुपयांना घेतली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. योग्यच झाले. परंतु लिलावातून वस्तू परत आणणे फार महाग पडते, आणि घर तर परत आणताच येत नाही.

म्हणून जे उरले आहे त्याबद्दल एक विनंती. महाल, इतवारी, जुनी शुक्रवारी या भागात, आणि विदर्भाच्या गावोगावी, सागवानी खांबांचे वाडे अजून उभे आहेत. वाटण्या झाल्या, छत गळू लागले, दुरुस्ती परवडत नाही, म्हणून ते पाडावे लागतात, आणि राहणाऱ्यांना त्यासाठी दोष देता येणार नाही. पण पाडण्याआधी चार दिवस द्या. प्रत्येक खणाची लांबी-रुंदी मोजून कागदावर नकाशा काढा. तळखडा, खांब, हस्त, तुळई यांचे जवळून फोटो घ्या आणि कुठला खांब कुठल्या चौकातला हे लिहून ठेवा. नागपुरात वास्तुकला शिकवणारी महाविद्यालये आहेत. तिथल्या विद्यार्थ्यांना बोलवा, ते आनंदाने मोजमापे काढतील. माळ्यावर मोडी कागदांचे रुमाल असतील तर ते रद्दीत घालू नका, विदर्भ संशोधन मंडळाकडे द्या. आणि घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला कुठल्या खोलीत काय होते ते विचारून, त्याच आठवड्यात, उतरवून घ्या.